धाकटी जागीच असते

इंटरनेटवरून शहराचे फोन चालवणाऱ्या त्या कंपनीत दोन यंत्रं होती आणि सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. दवाखाने, बँका, शाळा, सगळ्यांची बोलणी थोरलीतून जात. धाकटी शेजारच्या कपाटात नुसती जागी बसलेली असे. थोरली तिला सारखी 'आहे, आहे' अशी हाक देत राही. ती हाक लागोपाठ चुकली, की धाकटी कुणाला न विचारता थोरलीची जागा घेई, थोरलीचंच नाव लावून. फोनवर बोलणाऱ्याला पत्ताही लागत नसे.

ही व्यवस्था जिने बसवली, तिला ऑफिसात सगळे बाई म्हणत. कंपनीची ती मुख्य इंजिनिअर. वय पन्नाशीला टेकलेलं, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि चहा हेच जेवण. तिचा एक नियम होता आणि त्यावर ती कुणाचं ऐकत नसे. थोरली दुरुस्त होऊन परत आली तरी तिला आपली जागा आपोआप मिळायची नाही. धाकटी काम करतेय ना, मग थोरलीने गुपचूप बाजूला बसायचं. सुरुवातीला एकदा दोघींनाही आपणच कारभारीण आहोत असं वाटलं होतं. दोघी एकाच वेळी बोलायला लागल्या आणि एका दवाखान्याचे सगळे फोन ऐन गर्दीत तुटले. तेव्हापासून हा नियम.

"एका वेळी एकच," ती नव्या माणसांना सांगे. "त्यातली खरी कोण, या वादात पडायचं नाही."

"बाई, तुमची धाकटी कुठाय?" बुवा विचारायचा. बुवा म्हणजे तिचा मदतनीस. भजनाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, पण पोट आणि शांत स्वभाव यांमुळे नाव चिकटलं होतं. "तुम्ही आडव्या झालात तर कोण उभं राहणार?"

"मिळाली तर सांग. पगार अर्धा अर्धा करू."

हसण्यावारी नेलं तरी बोलणं खोटं नव्हतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिचे वडील एकटे राहत. अप्पांना जवळजवळ दिसत नव्हतं आणि हृदय कमजोर झालेलं. दुपारच्या जेवणानंतरची एक गोळी कधीही चुकू द्यायची नाही, असं डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन बजावलं होतं. आणि अप्पांचा हट्ट असा, की लेकीचा फोन आल्याशिवाय गोळी तोंडात घालायची नाही. दुसरं कुणी सांगून उपयोग नव्हता. त्यामुळे रोज दुपारी फोन. "जेवलात? घेतली? बरं, ठेवते." एवढंच. एके काळी ती अप्पांशी तासन्‌तास बोले. आता शब्द काढायचेसुद्धा जिवावर येई, आणि फोन ठेवल्यावर आपलीच लाज वाटे.

मग एक दिवस ती विसरली. थोरलीचे भाग बदलायचे होते, सगळे कपाटाशी ओणवे झाले होते, आणि तिने मान वर केली तेव्हा समोरच्या इमारतीवरचं ऊन उतरलं होतं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने घाईघाईने नंबर फिरवला.

"पुन्हा?" अप्पा म्हणाले. "अगं, दुपारीच तर बोललीस."

"मी?"

"मग कोण? गोळी घेतली. पाणीसुद्धा भरपूर पी म्हणालीस."

तिचा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. अप्पांचा गोंधळ होत असेल, असं तिने मनाला समजावलं. सुट्टीच्या दिवशी जाऊन पाकिटातल्या गोळ्या पाहिल्या. हिशेब बरोबर होता.

पुढच्या आठवड्यात ती टेबलावर डोकं टेकून झोपली. बुवाने दया येऊन उठवलं नाही. जाग आली ती फोनची वेळ टळून गेल्यावर. तिने तसाच फोन लावला.

"आज किती छान बोललीस," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज कित्येक महिन्यांत इतका मोकळा नव्हता. "आईच्या शिवणयंत्राची सुई मोडलीस आणि भिंतीच्या फटीत लपवलीस. लबाडे, इतकी वर्षं पोटात ठेवलंस?"

तिच्या अंगावर काटा आला. ती सुईची गोष्ट तिने कधीच कुणाला सांगितली नव्हती. आई गेली तेव्हाही नाही.

त्याहून वाईट म्हणजे तिला हेवा वाटला. आणि त्या हेव्याच्या खाली, नाही म्हटलं तरी, सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने ठरवलं, आज लवकर फोन करायचा. अप्पांचं जेवण उरकताक्षणी. तिने मोबाइलवरून नंबर लावला. फोन व्यग्र होता.

ती पडद्याकडे वळली. चालू असलेली बोलणी तिथे ओळीने दिसत. अप्पांच्या नंबरवर एक बोलणं चालू होतं आणि ते तिच्या टेबलावरच्या फोनवरून होत होतं.

तो फोन तिच्या कोपरापाशी होता. रिसीव्हर जागेवर ठेवलेला.

"बुवा, हे बघ."

बुवाने बघितलं. मग फोनची वायर हाताने चाचपली. मग ती भिंतीतून उपटूनच टाकली. पडद्यावरचं बोलणं चालूच राहिलं.

"धाकटीतून जातंय," तो हळूच म्हणाला. "बाई, थोरली तर धडधाकट आहे. धाकटीने हे एकच बोलणं उचललंय."

चालू बोलणं आवाज न करता ऐकायची सोय तिच्याकडे होती. तिने हेडफोन कानाला लावला.

अप्पा हसत होते. मग दुसरा आवाज आला. तिचाच. त्यात फरक एवढाच, की त्या आवाजाची झोप पुरी झालेली होती.

"घेतलीत ना? आता ऐका. आज मीच येते तिकडे."

"खरंच? आणि ऑफिस?"

"तिथलं बघायला आहे ना ती."

"अप्पा," ती ओरडली. मध्ये बोलायचं बटण तिने दाबून धरलं होतं. "अप्पा, मी इथे आहे."

कुणीही थांबलं नाही. अप्पा चहाला दूध आहे की नाही ते सांगत होते.

तिने पर्स उचलली. बुवा काहीतरी म्हणाला, ते तिने ऐकलं नाही. टॅक्सीत तिला धड बसवतही नव्हतं. प्रत्येक सिग्नलला ती दाराच्या मुठीवर हात ठेवून होती. जिन्यात दम लागला, तरी ती थांबली नाही.

बेल वाजवली.

दार साखळीपुरतं उघडलं. फटीत अप्पा. दाढी केलेली, सदऱ्याची बटणं नीट लावलेली. चेहरा असा उजळलेला, की तिला क्षणभर ओळखीचाच वाटेना.

"कोण आपण?"

"मी," ती धापा टाकत म्हणाली.

"मी कोण?"

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"कोण आहे अप्पा?" आतून तिच्याच आवाजाने विचारलं.

बाहेर तिने तोंड उघडलं. अप्पांचा हात छातीवर गेला होता, अनोळखी माणसापुढे जातो तसा. तिने त्या हाताकडे पाहिलं. दोन्हीकडून एकच आवाज एकदम कानी पडला, तर त्या हाताखालचं हृदय किती टिकेल?

दोघी एकदम बोलल्या की काय तुटतं, हे ती कुणाहीपेक्षा चांगलं जाणत होती.

"चुकलं," ती शक्य तितक्या जाड आवाजात म्हणाली. "वरच्या मजल्यावर जायचं होतं."

"होतं असं," अप्पा म्हणाले. "सावकाश चढा."

दार लागलं. ती दाराशीच उभी राहिली. लाकडापलीकडून कपबशीचा आवाज आला, आणि अप्पांचा.

"कुणी बाई होती. मजला चुकली. आवाज जरा तुझ्या वळणाचा होता. पण फार दमलेली होती गं बिचारी."

पावलं दाराशी आली, आणि कडी अगदी हलक्या हाताने, बाहेर ऐकू जाऊ नये अशी, लावली गेली.