डाव्या पायाची सवय

दीपमाला कव्हर घातलेल्या त्या गाडीला टेकली ती केवळ पाय दुखला म्हणून. त्या गाडीकडे बघायला कोणी आलंच नव्हतं.

तिचे वडील देवराम, म्हणजे सायखेड्याचे शेवंतीवाले नाना, पलीकडे एका पांढऱ्या मारुतीभोवती फेऱ्या मारत होते. नाशिकच्या द्वारका चौकाजवळचं जुन्या गाड्यांचं मैदान, डिसेंबरातलं कोवळं ऊन, आणि नानांनी पसंत केलेली ती मारुती. लहानपणीच्या पोलिओनं दीपमालाचा डावा पाय बारीक राहिला होता, म्हणून कुणा मिस्त्रीनं हातानं दाबायचा क्लच बसवलेली गाडी नानांनी हुडकून काढली होती. पण तो खटका दाबायला जावं तर स्टिअरिंग सुटत होतं. तिसऱ्या खेपेला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते नानांना दिसू नये म्हणून ती मागच्या रांगेत आली होती.

"अहो मॅडम, धूळ लागंल ना ड्रेसला!"

तिनं वळून पाहिलं. हातात फडकं घेतलेला एक तरुण. स्वतः मात्र नखशिखांत धुळीनं माखलेला.

"लागू दे. तुमच्याइतकी तर नाही ना लागणार?"

तो हसला. "मी महेश. विंचूरचा. हे मैदान माझ्या मामांचं."

"आणि ही गाडी कुणाची?"

"हिचं कुणीच नाय." त्यानं झटक्यासरशी कव्हर ओढलं. सायीच्या रंगाची छोटीशी झेन उन्हात डोळे मिचकावत उभी राहिली. "ऑटोमॅटिक हाय. क्लचच नाय हिला! लोकं वाकून बघतात, दोनच पेडल दिसली की म्हणतात, तिसरं कुठं हरवलं?"

दीपमालाचं हसू ओठांवरच थांबलं.

"क्लच... नाहीच?"

तिच्या आवाजात असं काही होतं, की महेशनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

नाशिक रोडच्या शाळेत तिला गणिताच्या शिक्षिकेची नोकरी लागली होती. एसटीची पायरी उंच, सकाळची गर्दी त्याहून वाईट. एकदा ती चढताना पडली, आणि नानांनी सांगून टाकलं, एक तर तिकडेच खोली घे, नाहीतर नोकरी सोड. नाहीतर रोज फुलांच्या टेम्पोतून कुणीतरी सोडेल. सोडेल! जन्मभर तिला कुणी ना कुणी सोडतच आलं होतं. शाळेत काकाच्या सायकलवरून, कॉलेजात चुलतभावाच्या मोटरसायकलवरून. त्यांच्या वेळेला निघायचं, त्यांच्या वेळेला परतायचं, आणि वर प्रत्येकाचे आभार मानायचे. एकदा तरी आपलं आपण जावं, एवढंच तिला हवं होतं. पण हे मागणं घरात कुणाला कळत नव्हतं. तिनं हट्टच धरला, तेव्हा कुठं नाना गाडी बघायला निघाले.

"चालवून दाखवू?" महेशनं कॉलर ताठ केली. "ट्रॅक्टरपासून दहाचाकीपर्यंत सगळं चालवलंय आपण."

तिनं हाक मारली तसे नाना येऊन मागे बसले, ती पुढे. गाडी अलगद निघाली, वेग आला, आणि जुन्या सवयीनं महेशचा डावा पाय क्लच दाबायला धावला. क्लचच्या जागी सापडला ब्रेक! गाडी जागच्या जागी गचकन थांबली. नानांची टोपी उडून पुढे दीपमालाच्या मांडीवर आली.

"सवय हो नाना, सवय!"

पुन्हा निघाले, पुन्हा गचका. मैदानाला एक चक्कर होईस्तोवर नानांनी टोपी खिशात घालून टाकली होती. दीपमाला हसू दाबता दाबता बेजार झाली.

"त्या डाव्या पायाला सांगा, तू घरी बस म्हणावं."

"सांगतो ना... पण ऐकतोय कुठं? फार वर्षं कामाला होता बिचारा."

मग ती स्टिअरिंगपाशी बसली. उजवा पाय ब्रेकवर, डावा नेहमीसारखा बाजूला गप्प. महेशनं सांगितलं तसा गिअरचा दांडा ओढला. "आता ब्रेक सोडा. काही करू नका. नुसतं सोडा."

तिनं सोडला.

गाडी हलली. कुणी ढकललं नाही, कुणी ओढलं नाही, तिनं कुठं जोर लावला नाही... आणि समोरची भिंत, भिंतीवरची बोगनवेल, सगळं हळूहळू तिच्याकडे यायला लागलं. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. ज्या पायानं तिला आयुष्यभर अडवलं, त्या पायाचं इथं कुणाला कामच नव्हतं! तिनं वळण घेतलं, थांबवली, परत नेली. एकही गचका नाही.

"देवा..." महेश पुटपुटला. तो रस्त्याकडे बघतच नव्हता.

"पेट्रोल किती पिते?" नानांनी मुद्द्याला हात घातला.

"खोटं नाय बोलणार, नाना. त्या मारुतीपेक्षा जास्तच पिती. गिअरबॉक्सचं काम निघालं तर इथं मिस्त्री मिळंल का, त्याचीबी खात्री नाय. हे मामांनी ऐकलं तर मला मारतील. पण..."

"पण काय?"

"पण मॅडमचा चेहरा बघा की जरा."

नानांनी टायर बघितले. दीपमालानं मात्र महेशकडे बघितलं, आणि दोघांनीही एकदमच नजर काढून घेतली.

"नाना," ती म्हणाली, "हीच."

जानेवारीभर दर रविवारी तपोवनाच्या मोकळ्या मैदानात शिकवणी चाले. नाना मागे बसून पेंगत. महेश डाव्या सीटवर चक्क मांडी घालून बसे. विचारलं तर म्हणे, "त्या पायाला शिक्षा केलीय." हळूहळू ती गाडी चालवताना बोलू लागली, मग गुणगुणू लागली. लायसन्सच्या परीक्षेला साहेबांनी तिला दोनदा फिरवलं आणि काही न बोलता सही केली. बाहेर तिच्याहून जास्त घाम महेशलाच फुटला होता.

"पास?"

"पास."

"मग आता रविवारी काय करायचं?" तो बोलून गेला आणि उगाचच काच पुसत बसला.

पूजेच्या दिवशी मामांच्या मैदानातून गाडी सायखेड्याला आणली ती महेशनं, दीपमालाला शेजारी बसवून. नानांचा हट्टच तसा. आई मालनबाईंनी बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, शेवंतीचा हार घातला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. अर्धी गल्ली गोळा झाली. दीपमाला किल्लीसाठी हात पुढे करणार, एवढ्यात नाना म्हणाले, "महेशराव, लिंबावरून तुम्हीच काढा गाडी. पोरीचा पाय असा... शुभ कामात जोखीम कशाला?"

तिचा हात तसाच राहिला. सगळ्यांसमोर काय बोलणार? आपली गाडी, आपला दिवस, आणि आजसुद्धा कुणीतरी दुसरंच.

महेश मुकाट्यानं आत बसला. गाडी बोटभर सरकली आणि गचका! हार घसरून खाली आला. पोरं खिदळली. परत गचका. महेश बाहेर उतरला.

"माझ्याच्यानं नाय होत, नाना. ही गाडी मॅडमचंच ऐकती."

दीपमाला बसली. तिनं नुसता ब्रेक सोडला. चारही लिंबं एकदम फुटली, त्यांचा वास हवेत पसरला, आणि गाडी गल्लीतून सरळ, संथ निघून गेली. कुणी टाळीही वाजवली नाही. वळसा घेऊन ती परतली, तेव्हा नाना टोपी हातात घेऊन उभे होते, देवळात राहावं तसे.

"दीपा," ते म्हणाले, "महेशरावांना चांदोरीच्या फाट्यावर सोडून ये."

सोडून ये! हे शब्द तिला आजवर कुणी म्हटले नव्हते.

गोदावरीच्या पुलावर गार वारा होता. पाण्यावर ऊन नुसतं सांडलं होतं.

"नाशिकपासून घरापर्यंत तुमचा एकदाही गचका बसला नाही," ती समोर बघत म्हणाली. "मग दारातच कसा बसला?"

महेश खिडकीबाहेर बघू लागला.

"मुद्दाम ना?"

"रोज सकाळी डावा पाय सीटला बांधून शिकलो," तो हळूच म्हणाला. "आता चुकत नाय. पण तुमचा हात पुढं आलेला दिसला... काय करणार मग?"

तिला राग आला, आणि रागाहून मोठं दुसरंच काहीतरी. पूल संपल्यावर तिनं गाडी कडेला घेतली.

"असं परत करायचं नाही. लोक हसले तुम्हाला. पुढच्या वेळी नानांना सरळ तोंडावर सांगायचं."

"सांगतो. पण मग... आणखी एक सरळ सांगावं लागंल त्यांना."

"काय?"

"लग्नात बायकोला डाव्या अंगाला बसवतात ना?" त्याचे कान लालबुंद झाले होते. "आमच्यात उलटं झालं तर चालंल का, म्हणून विचारणार हाय. मला ही डावी सीट जन्मभर पुरंल. गाडी तुम्हीच चालवायची."

दीपमाला बघतच राहिली. नदी, ऊन, ती दोन पेडल, आणि मांडी घालून बसलेला हा वेडा माणूस. हे सगळं आपल्या वाट्याला यावं?

"आधी मला तर विचारा," ती म्हणाली.

"विचारलं..."

तिनं इंडिकेटर दिला, मागे नीट पाहिलं, आणि गाडी फाट्याकडे न नेता पुलाकडे वळवली.

"अहो, कुठं?"

"घरी. नाना पेंगायच्या आत सांगून टाका."