मापाड्याची सही

परका माणूस आपल्या जंगलात शिरून आपल्याच झाडाला मिठी मारून उभा असलेला दिसला, तर कुणीही आधी चौकशी करेल. तिने आधी त्याच्या हातातली टेप हिसकावली.

"ठेकेदाराला जाऊन सांगा, हे लाकूड विकायचं नाहीये!"

"कोण ठेकेदार?" तो खोडाला तसाच बिलगून म्हणाला. "मी कार्बनच्या मोजणीला आलोय. यायचं सोमवारी होतं, पण... जरा लवकर आलो."

"दोन दिवस लवकर?"

"अर्जासोबतचे फोटो बघितले. राहवलं नाही."

तिचं तोंड एवढंसं झालं. अर्थात चूक अगदीच खुळी नव्हती. तोडणारा असो की राखणारा, दोघंही छातीच्या उंचीवर टेप गुंडाळूनच झाडाचा घेर मोजतात. लाकडाच्या ठेकेदाराची माणसं गेल्याच महिन्यात तशी मोजून गेली होती, आणि त्यांना पाठवणारा दुसरातिसरा कुणी नाही, तिचा सख्खा भाऊ होता.

बाबा गेल्यावर जंगल दोघांच्या नावावर झालं. शहरातल्या दादाला ते विकून मोकळं व्हायचं होतं, तिला राखायचं होतं. चाळीस वर्षं सरसकट तोड करायची नाही, दाटी झाली तिथे विरळणी करायची, रिकाम्या जागी नवी रोपं लावायची, असा करार केला तर झाडं जो कार्बन धरून ठेवतात त्याचे क्रेडिट मिळतात आणि धूर सोडणाऱ्या कंपन्या ते विकत घेतात. दादाने नाक मुरडलं, पण मुदत दिली. महिनाअखेर मोजणीचा सही केलेला अहवाल आला तर करार, नाही तर ठेकेदाराला होकार. त्या दिवसापासून बहीणभावाचं बोलणं बंद होतं.

तिने टेप परत केली. "चुकलं माझं... मापाडी."

"ते असू दे, मालकीणबाई. पलीकडून टोक द्या फक्त. हात पुरत नाहीयेत."

तिने खोडामागून टोक पुढे केलं. त्याची बोटं तिच्या बोटांना लागली... आणि घेर किती भरला, हे दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. पुन्हा मोजावा लागला.

पुढे पंधरा दिवस हेच. तो मोजायचा, ती वहीत लिहायची, मग सालीवर रंगाने आकडा. पडलेला ओंडका ती ओढून बाजूला करायला गेली, तर तो ओरडलाच, "राहू दे! कुजणाऱ्या लाकडातही कार्बन असतो. आणि त्यात किती जीवांची घरं आहेत, बघा तरी." ती वाकून बघायला लागली. तो तिच्याकडे बघत होता, हे तिला न बघताही कळलं.

एका झाडावर पांढरी फुली होती. "हे विरळणीत जाणार?"

"ठरलं नाही. बाबांची रीत होती... तोडायच्या झाडापाशी आधी दहा मिनिटं बसायचं. उठताना मन बदललं नाही, तरच कुऱ्हाड."

"मग किती झाडं सुटली?"

"निम्मी!"

तो हसला, आणि खरंच त्या झाडाशी जाऊन बसला. घड्याळ न बघता. बाबांनंतर या जंगलात असं कुणी बसलं नव्हतं.

पाऊस आला की ओल्या सालीवर रंग धरत नाही. मग दोघं अवजारांच्या खोपीत, एका फळीवर, मध्ये वही ठेवून.

"सगळ्याच मालकिणींना एवढे प्रश्न विचारता?"

"अर्जात अकराच आहेत."

"मी मोजलेत. तीस झाले."

"मग... उरलेले माझे," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. तिने वही उचलून मांडीवर घेतली. मध्ये आता काहीच नव्हतं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी तो अहवाल घेऊन तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. आकडे चोख, नकाशे चोख. शेवटच्या पानावर मात्र त्याचं पेन अडलं.

"काय झालं?"

त्याने पान तिच्यापुढे सरकवलं. 'जंगलाच्या मालकांशी माझा वैयक्तिक संबंध नाही.' खाली सहीची जागा.

"मला यावर सही करता येत नाहीये," तो म्हणाला.

तिला आधी आनंद झाला, आणि लगेच पायाखालची जमीन सरकली. "पण आज शेवटचा दिवस आहे! करून टाका ना. कोण बघतंय?"

"करू शकतो. पण कागद खोटा निघाला तर चाळीस वर्षांत केव्हाही करार मोडेल. आणि मग इथे... मला यायला तोंड राहणार नाही. दुसरा मापाडी पाठवतो. वीस दिवसांत सगळं पुन्हा मोजेल."

वीस दिवस. ते फक्त दादा देऊ शकत होता. ती बराच वेळ फोनकडे बघत राहिली. मग लावला.

"दादा... मला वीस दिवस हवेत."

"अहवाल झाला नाही?"

"झालाय. मापाड्याला सही करता येत नाहीये."

"हात मोडला की काय?"

"नाही रे!" तिने डोळे मिटून घेतले. "माझ्यामुळे. आमचा संबंध नाही असं लिहून द्यायचंय, आणि... तो आवडतो मला, दादा."

टेबलापलीकडे पेन खाली पडलं.

"खोटी सही करून मोकळं होता आलं असतं त्याला," दादा शेवटी म्हणाला.

"आलं असतं."

"नाही केली?"

"नाही."

"बाबांना चालला असता गं. महिना घे. ठेकेदाराला मी बघतो."

तिने फोन ठेवला. गालावरचं पाणी पुसायचंही तिला सुचलं नाही. समोर तो पेन उचलून बसला होता.

"हे पान माझ्या कचेरीत द्यावं लागेल," तो म्हणाला. "फाईल दुसऱ्याकडे का दिली, म्हणून. यातलं 'नाही' खोडून... 'आहे' लिहू?"

"एवढे प्रश्न विचारलेत पंधरा दिवस, आणि हा आज?"

"लिहू का?"

"लिहा."

त्याने एक शब्द खोडला, एक लिहिला आणि खाली सही केली. तिने कागद ओढून घेतला, पुन्हा पुन्हा वाचला आणि परत त्याच्यापुढे सरकवला.

"तारीख टाक," ती म्हणाली.