बंदुकीला सांगितलेलं नाव

निर्मला बंदूक घ्यायला घरी आली ती भर दुपारी. काका त्या सकाळीच नंदुरबारहून सुरतेच्या गाडीला बसले होते. लग्नाचं बोलावणं होतं, चार दिवस येणार नव्हते. ते घरात नसतील अशीच वेळ तिनं निवडली होती.

ब्राह्मणपुरी गावात वैशाखाचं ऊन म्हणजे गल्लीत कुत्रंही दिसत नाही. देवघरात मात्र गारवा होता. आढ्याला एकाच दोरीनं मधोमध बांधून ती ठासणीची बंदूक आडवी टांगलेली होती. भिंतीला वाळवी लागते म्हणून वर टांगली, असं काका सांगायचे. नळीच्या तोंडात लाल कापडाचा बोळा होता आणि दस्त्यावर कित्येक दसऱ्यांचं कुंकू थरावर थर साचून काळं पडलं होतं.

स्टुलावर चढून निर्मलानं दोरी सोडली. तिची आई, तापीबाई, दारातच उभी राहिली. देवघरात पाऊल टाकेना.

"काढस तं काढ, पन तिले सांगीसनी काढ," ती हळूच म्हणाली.

"काय सांगू?"

"डुकरेसवर जाई ऱ्हायनी, आसं म्हन. तिना तोंडमा म्हन. तुन्हा काका बी तसंच म्हनस, तुन्हा आजा बी म्हने."

निर्मला खळखळून हसली. कॉलेजात गेल्यापासून ती घरातही पुस्तकी मराठीतच बोले. काकांना ते टोचायचं, म्हणून जरा जास्तच.

"आई, लोखंडाला कान नसतात. तुमच्या या असल्या गोष्टींनीच गाव आहे तिथं राहिलं." तिनं लाल बोळा उपटून कोनाड्यात फेकला आणि बंदूक चादरीत गुंडाळली.

बंदुकीवर तिचं पुढचं सगळं आयुष्य अडलेलं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावात नाटक करायचं तिनं ठरवलं तेव्हा काका ओट्यावर चारचौघांसमोर म्हणाले होते, "कर. लोके हसनात तं सारंगखेडाना पाव्हनासले मी हां म्हनी टाकसू. नही हसनात तं जाय पुनाले, शिक काय शिकनं ते." सारंगखेड्याच्या पाहुण्यांनी तिला मागणी घातली होती, आणि वडील गेल्यापासून घरात काकांचाच शब्द चाले. आणि मागच्या वर्षीच्या नाटकात लाकडाची बंदूक रंगमंचावर मोडली, तेव्हा गाव पोट धरून हसलं होतं.

नाटक तिनं स्वतः लिहिलं होतं. दूरच्या एका देशातला सेनापती, हुकूमशहा. तो कैद्यांना रांगेत उभं करतो, प्रत्येकाला आधी नाव विचारतो, मग गोळी घालतो. हे नाव विचारणं कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तिला ते आपसूक सुचलं होतं आणि त्याचा तिला अभिमान होता.

तालमी गावाबाहेरच्या बंद जिनमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, चालत. कापसाचा हंगाम संपला की तिकडं कोणी फिरकत नसे. पत्र्याचं लांबच लांब छप्पर उन्हानं तडतडायचं. सरकीचा तेलकट वास असायचा आणि कोपऱ्यांत कापसाचे मळके पुंजके अडकलेले. सेनापती होता हिलाल, सोसायटीतला कारकून, मिशांमुळे निवडलेला. कैदी होता रेवजी मास्तर. गावाच्या कडेला भिल्लांची वस्ती, जी भिलाटी आहे तिथला तो पहिला शिकलेला माणूस, शाळेत दुसरीचा वर्ग घ्यायचा. भिलाटीतला माणूस आपल्या पोरांसोबत रंगमंचावर उभा राहणार म्हणूनही म्हातारे चिडले होते. निर्मलाला त्याचाही आनंद होता.

हिलालनं बंदूक हातात घेतली आणि शीळ घातली. "काय वजन शे हिनं!"

निर्मलानं स्वतः नळीत गज घालून पाहिला. तो थेट तळाला टेकला. आत दारू नाही, छर्रे नाहीत. घोड्याखाली टोपीही नाही. तिनं चाप ओढून दाखवला. घोडा कोरडा पडला.

"चला. कैद्याला उभा करा."

हिलालनं नळी रेवजीच्या छातीला लावली. "नाव?"

रेवजीला तिनं परदेशी नाव दिलं होतं, लांबलचक. त्याच्या जिभेवर ते पहिल्या दिवसापासून बसत नव्हतं. एकदा चुकला, दोनदा चुकला. तिसऱ्यांदा हिलालच फिस्कन हसला.

"अहो मास्तर, पोरांना पाढे शिकवता ना तुम्ही?" निर्मला चिडून म्हणाली. "आज तुमचंच नाव सांगा. सलग होऊ दे तरी एकदा."

"नाव?" हिलालनं पुन्हा दरडावलं.

"रेवजी."

छपराच्या कैच्यांवर चिमण्या चिवचिवत होत्या, त्या गप्प झाल्या. पत्र्याची तडतडही थांबल्यासारखी वाटली. आणि सरकीच्या वासात दुसरा एक वास आला, जळका, नाकाला झोंबणारा. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी अंगणात असतो तसा.

हिलालनं बंदूक खाली घेतली. "बाई... हाई जड व्हई गयी."

"हात दुखला असेल. ठेवा टेबलावर."

तालीम संपली. रेवजी पाणी प्यायला उत्तरेच्या दाराजवळच्या रांजणाकडे गेला. निर्मला कागद आवरत होती. सहज तिचं लक्ष गेलं, तर टेबलावरच्या बंदुकीची नळी उत्तरेच्या दाराकडे होती. ठेवताना ती भिंतीकडे होती, असं तिला वाटलं. हिलालचा धक्का लागला असेल.

रेवजी रांजणापासून निघून खिडकीशी आला, शर्ट झटकायला लागला.

निर्मलानं पुन्हा पाहिलं. नळी खिडकीकडे होती.

 सगळे गेल्यावर तिनं रेवजीचा खडू घेतला आणि बंदुकीच्या कडेकडेनं टेबलावर रेघ ओढली. जिनला कुलूप घातलं. किल्ली एकच होती, ती तिनं कनवटीला लावली. कोणीतरी चेष्टा करत होतं, आणि चेष्टा करणारा तिला पकडायचा होता.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी एकटीच आली. कुलूप तसंच होतं. टेबलावर खडूची रेघ तशीच होती, कुठं पुसलेली नव्हती. बंदूक मात्र त्या रेघेत नव्हती. ती तिरकी झाली होती आणि तिचं तोंड पश्चिमेच्या कोपऱ्याकडे होतं. त्या कोपऱ्यापलीकडे भिंत, भिंतीपलीकडे नाला आणि नाल्यापलीकडे भिलाटी.

घोडा एक खाच वर चढलेला होता.

तिनं तो खाली पाडायचा प्रयत्न केला. दोन्ही अंगठ्यांनी जोर लावला. हलला नाही. नळीला हात लागला तर ती कोमट होती. सावलीतलं लोखंड...

त्या दिवशी तिनं बंदुकीशिवाय तालीम घेतली. ती संपताच हिलाल निघून गेला. रेवजी मात्र मागं थांबला.

"निर्मलाबेन, एक विचारू? हे नाव विचारायचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मला सुचलं."

रेवजीनं हातातले कागद खाली ठेवले. "आमच्याकडं सांगतात," तो म्हणाला. "माझ्या आज्याचा बाप, दिवाल्या नाव त्याचं. वेठीला आला नाही म्हणून त्याला खळ्यात उभा केला होता. आधी नाव विचारलं होतं, मग... कोणाच्या खळ्यात ते आमची माणसं सांगत नाहीत. मी लहान असताना विचारायचो, तर आजी तोंडावर हात ठेवायची." त्यानं छातीवर बोट टेकवलं. "काल रात्रीपासून छातीत एका जागी दुखतंय. इथं. बोट ठेवता येईल एवढ्याच जागी."

निर्मलाला खळं आठवलं. तिच्याच घरामागचं. तिथं एका कोपऱ्यात कोणी मळणी करत नसे. का ते तिनं कधी विचारलं नव्हतं, कारण तिथली जमीन दगडाळ आहे असं काका सांगायचे. काका पुष्कळ काही सांगायचे.

आखाजीचा दिवस उजाडला. घराघरात घागरी भरल्या जात होत्या, पोरी झोक्यांवर गौराईची गाणी म्हणत होत्या. नाटक दिवे लागल्यावर होतं. दुपारी निर्मलानं जिन उघडलं.

घोडा पूर्ण चढलेला होता.

पश्चिमेच्या कोपऱ्याकडे रोखलेली नळी तिच्या डोळ्यांदेखत हळूहळू फिरू लागली. घड्याळाचा मोठा काटा फिरतो तशी, फिरताना दिसत नाही पण फिरलेली दिसते. कोपऱ्यातून भिंतीवर, भिंतीवरून दाराकडे. कोणीतरी भिलाटीतून निघालं होतं, नाला ओलांडून इकडं येत होतं.

ती दाराकडे धावली. "मास्तर! तिथंच थांबा! आत येऊ नका..."

रेवजी नाटकाचे कपडे घालून उंबऱ्याबाहेर थबकला. आणि त्याच्या मागून काका आले. धोतर धुळीनं भरलेलं, चेहरा घामानं निथळणारा. ते स्टेशनवरून घरी गेले होते, आढ्याला नुसती दोरी लोंबताना पाहून तसेच इकडं आले होते.

"तुन्ही अक्कल कॉलेजमाच ठी उनी का?" ते ओरडले. मग त्यांना टेबल दिसलं, घोडा दिसला, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "कोननं नाव सांगं तिले?"

निर्मलानं रेवजीकडे पाहिलं. काकांनीही.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "आमचं खळं. दिवाल्या. सगळं माहीत होतं, आणि मला वाळवीचं कारण सांगत होतात."

"त्या गोष्टी उकरानी येळ नही शे."

"दुसरं नाव सांगते मी तिला. डुक्कर." ती नळीपाशी वाकली आणि मोठ्यानं म्हणाली, "डुक्कर! रानडुक्कर!"

नळी हलली नाही.

"मानूस सांगेल शे तिले," काका म्हणाले. "आते जनावर चालत नही. एकदा सांगेल परत लेवाये नही, बदलता येस. मानूसले मानूस." ते जवळ आले, कुजबुजले, "सुपडू म्हतारा शे भिलाटीमा. खाटलेच शे. आज ना सकाय जाईच. त्यानं नाव घे. कोनले समजाव नही."

हे बोलताना त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. बैल बदलून घ्यायचा सल्ला द्यावा तसा. इतकी पानं लिहून तिला जो सेनापती नीट जमला नव्हता, तो धुळकट धोतरात समोर उभा होता.

निर्मलानं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. एक नाव तिच्या ओठांपर्यंत आलं. काकांना ते कळलं. ते एक पाऊल मागे सरले, मग दुसरं. पाठ भिंतीला लागली तेव्हा थांबले. "पोरी..." एवढंच म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिला हात जोडले.

दाराबाहेर रेवजी छाती धरून खाली बसला.

नाव घ्यायला एक क्षण पुरला असता. पण तसं केलं असतं तर त्या घरानं दिवाल्याचं जे केलं तेच तिनं चौथ्या पिढीत केलं असतं. तिनं नळीला तोंड लावलं. लोखंड ओठांना भाजलं. आतून वारा आल्यासारखं वाटलं, आत ओढणारा.

"निर्मला," ती म्हणाली.

घोडा आपणहून, आवाज न करता खाली बसला. नळी वळली. टेबलाला वळसा घालून निर्मला मागे सरकली तर नळीही सरकली, अगदी शांतपणे, आज्ञेत असल्यासारखी.

बाहेर रेवजीनं मोठा श्वास घेतला.

रात्री नाटक झालं. हिलालच्या हातात नुसती काठी होती. त्यानं ती रेवजीच्या छातीला लावली आणि विचारलं, "नाव?" रेवजी समोरच्या रांगेकडे बघत राहिला. तिथं गावातले सगळे म्हातारे बसले होते, मधोमध काका. मग तो म्हणाला, "दिवाल्या."

कोणी हसलं नाही. शेवटपर्यंत कोणी हसलं नाही. भिलाटीतली माणसं मागे उभी होती, ती तर पापणीही लववत नव्हती. काकांनी शब्द पाळला. महिन्याभरात निर्मला पुण्याला गेली. बंदूक पुन्हा देवघरात गेली, आढ्याला, एका दोरीनं. काढलेला लाल बोळा नळीत पुन्हा बसवायला गेले, तर तो बसेना.

पुण्यात ती मोकळी होती. खोली, पुस्तकं, मैत्रिणी. पलंग तिनं दोनदा फिरवून पाहिला, मग फिरवणं सोडून दिलं. डोकं कुठंही करून झोपलं तरी उत्तरेकडच्या भिंतीतून कोणी बघत असल्यासारखं वाटे. ते अभ्यासाच्या जागरणानं होतं, असं ती स्वतःला सांगे.

पुढच्या वर्षी, थंडीत, नागपूरच्या एका कॉलेजात नोकरीची मुलाखत होती. घरी कळलं तर काका खोडा घालतील म्हणून तिनं कोणाला सांगितलं नाही. मैत्रिणींनाही नाही. मंगळवारी गाडी धरली, शुक्रवारी परत आली.

सोमवारी आईचं कार्ड आलं. तिनंच शिकवलेली मोठी, वाकडी अक्षरं.

"चि. निर्मला हिस आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. गहू बरा आहे. बंदूक कायम दक्षिणेला असते, म्हणजे तू पुण्यात आहेस असे समजून मी झोपते. या बुधवारी आणि गुरुवारी ती उगवतीला वळली होती. तू तिकडे कोठे गेली होतीस ते कळवणे. आणि घोडा एक खाच वर आला आहे. काका म्हणतात, तुला कळवू नये."