मधोमध दिसलेला उजेड

माणसाला कमीत कमी किती उजेड दिसतो, या एका प्रश्नापायी इर्मेलीनं हेलसिंकीच्या प्रयोगशाळेत उभी हयात घालवली. उत्तर मिळालं ते तौनोच्या डोळ्यांमुळे. तौनो बेकरीवाला. तरुणपणी गंमत म्हणून प्रयोगाला बसला, तो म्हातारा होईपर्यंत बसतच राहिला. असे डोळे तिनं दुसरे पाहिले नाहीत. मानसन्मान तिला मिळाले खरे, पण त्यातले निम्मे तौनोचे, हे ती कधी विसरली नाही.

आता ती निवृत्त होत होती. आणि नशिबाची थट्टा बघा, डोळ्याच्या पडद्याचा अभ्यास करणाऱ्या बाईचाच पडदा मधोमध विरला होता. कडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं त्याचाच चेहरा गायब. वर्षभरात तिनं एकही चेहरा धड पाहिला नव्हता. यावर इलाज नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

शेवटच्या दिवशी तौनो वेलची घातलेले बनपाव घेऊन हजर झाला.

"एकदा बसू या की, प्रोफेसरबाई. परत कुठे मिळतोय असा काळोख?"

खोलीचं दार लावलं. डोळे सरावायला अर्धा तास तरी नुसतं बसावं लागतं. बाहेर दोन शब्द न बोलणारी ही दोघं, इथं मात्र मन मोकळं करायची.

"तुझे उपकार कसे फेडू रे, तौनो?"

"काहीतरीच! बायको गेली तेव्हा घर खायला उठायचं. इथं येऊन बसायचो म्हणून सावरलो. उपकार तुझेच."

इर्मेलीला भरून आलं. तिनं चाचपडत दिव्याचं बटण दाबलं.

"दिसला," तौनो म्हणाला. "मधोमध."

"मधोमध कसा दिसेल? इतका मंद उजेड डोळ्याला कडेनंच कळतो. इतक्या वर्षांत एवढंही शिकला नाहीस?"

"मधोमधच. तुझं शास्त्र ठेव तुझ्यापाशी."

तिनं पुन्हा दाबलं. आणि तिला दिसला. अगदी समोर, जिथं वर्षभर काहीच नव्हतं तिथं, एक निळसर कण.

"तौनो, अरे, मलाही दिसतोय!"

"दिसू दे," तो म्हणाला. आवाज थकलेला वाटला.

तिनं बटणावरचं बोट काढलं. उजेड येतच राहिला.

मग थांबला.

दिवा बंद करायला तिनं टेबलावर हात फिरवला. टेबलावर दिवा नव्हता, हाताला नुसती बटणाची सुटी वायर लागली. तेव्हा तिला आठवलं. दिवा सकाळीच खोक्यात भरून खाली नेला होता. तिनंच न्या म्हणून सांगितलं होतं.

तिनं घाईनं दार उघडलं. बाहेरच्या खिडक्यांतून जूनचं ऊन आत कोसळलं. ती वळली, आणि तिला तौनो दिसला. पांढऱ्या भुवया, हनुवटीवरचा तीळ, सुरकुतीन् सुरकुती. अख्खा चेहरा!

"दिसतोयस रे! देवा, किती म्हातारा झालास!" ती हसत होती, रडत होती. "तुझे आभार कसे..."

तौनोही हसला. जागचा हलला मात्र नाही.

"दार उघड ना आता, इर्मेली. किती वेळ बसवणारेस?"

ऊन थेट त्याच्या चेहऱ्यावर पडलं होतं. त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या काळोखात असतात तशाच मोठ्या, पूर्ण उघड्या होत्या. त्या जराही आकसत नव्हत्या. आता तिला ते अगदी स्पष्ट दिसत होतं.