डबा वापरात आहे

डबा सुटला. कुरियरवाला घेऊन गेला, नागपुरात उतरला, कंपनीनं पुसून कोरा केला. विषय संपला.

...आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. संघदीपच्या घरी तसंच समजतात. त्यांच्या लेखी डबा कधी सुटलाच नाही.

घटना खरी आहे. भुतावर विश्वास ठेवा की नका ठेवू, कळंबच्या मे महिन्यातल्या दुपारवर तरी ठेवा. त्या उन्हात भूतसुद्धा आधी सावली शोधतं. आणि हे सगळं घडलं ते भर दुपारी.

संघदीप आणि त्याचा मोठा भाऊ इंद्रजित एकाच कंपनीचं काम घरच्या वरच्या खोलीत बसून करायचे. काम एका काळ्या डब्याचं. कापसाच्या जिनिंगमधल्या कॅमेऱ्यांचं चित्रण साठवायचा डबा, आत डिस्क. डिस्कशी थेट बोलणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, इंद्रजितनं लिहिला होता. हा ड्रायव्हर कॉम्प्युटरच्या पार आत बसतो, बाहेरच्याला तिथं प्रवेश नाही. बाहेरच्या माणसानं त्याला हुकूम कसे द्यायचे, ते कंट्रोल बनवायचं काम संघदीपकडे.

त्यांची आई, इंदूबाई, गावभर सांगायची, "माहा मोठा ड्रायव्हर लिह्यते."

लोकांना 'लिह्यते' कधी ऐकूच आलं नाही. इंद्रजितला स्थळं आली, तर पहिला प्रश्न, "लायसन हेवी हाय का?"

मार्चमध्ये इंद्रजित गेला. ताप आला, उतरलाच नाही. पुण्यानुमोदनाला आलेले एक काका संघदीपच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "रस्त्यावरचं काम, बाबू. भरोसा नसते."

संघदीप "हो" म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

दोघा भावांचं एक भांडण तेवढं अर्धवट राहिलं होतं. कंट्रोलमध्ये हुकूम तीन. 'विचार', 'थांब', 'सोड'. संघदीपला चौथा हवा होता, 'हिसकाव'. कुणी डिस्क वापरत असलं तरी जबरदस्तीनं सोडवणारा.

"कायले?" इंद्रजित म्हणायचा. "बसला हाय ना कोणी तिथं? झालं का म्हणून विचाराचं. नाही झालं तं थांबाचं. बकोट धरून उठवते का कोणी?"

"अन् तो उठलाच नाही तं?"

"तं त्याचं काही राह्यलं असन, लेका."

मे महिन्यात साहेबांचा फोन आला. आज कुरियर येईल, डबा द्या, नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नका. घरून काम करणाऱ्याला 'येऊ नका' कसं सांगतात, हे संघदीपनं विचारलं नाही. घरात आता त्याचा एकट्याचाच पगार होता. सोबत साहेबांनी चौथा हुकूमही पाठवला होता. हा आतल्या ड्रायव्हरची संमती न घेता चालायचा.

संघदीपनं आधी जुनाच दिला. सोड.

उत्तर आलं, "वापरात आहे."

कोण वापरतंय? त्यानं यादी काढली.

यादी रिकामी.

मशीन बंद केली, परत चालू केली. आता कुणीच नसायला हवं होतं...

"वापरात आहे."

कूलर घरघरत होता. त्यानं कूलर बंद केला. मग ऐकू आलं... डब्याच्या आतली बारीक कुरकुर. हिरवा दिवा लुकलुकत होता.

कुणीतरी वाचत होतं.

तेवढ्यानं तो घाबरला नाही. घाबरला तो वेग पाहून. कॉपी करणारा प्रोग्राम धावतो. हे वाचन चालत होतं. मिनिटभराच्या चित्रणाला मिनिटभर.

म्हणजे कुणीतरी... बघत होतं.

थोडं पुढं जायचं. थांबायचं. मागं यायचं. पुन्हा तोच तुकडा.

इंद्रजितनं चाचणीसाठी कॅमेरा घरच्याच अंगणात लावला होता. संघदीपनं तो तुकडा उघडला.

हिवाळ्यातली दुपार. आई सुपात तुरी पाखडतेय. वर बघून ओरडते, "इंदर, ये ना बाबू खाली! पोळ्या निवून राह्यल्या!"

वरून आवाज येतो, "आलोच!"

आई वाट बघते. कुणी येत नाही. आई पदर डोळ्यांना लावते, तोंड फिरवते, आत जाते.

वाचन इथंच अडायचं. इथूनच मागं जायचं.

आई ताक घेऊन वर आली. "काहून पांढरा पडला रे?"

त्यानं दाखवलं. आईनं शेवटपर्यंत पाहिलं. दिवा मागं गेला तेही पाहिलं. तिला त्याच्याआधी कळलं.

"माहं तोंड पाह्यते तो," ती म्हणाली. "रडली का म्हून. येड्या, तुरीचा कचरा गेलता डोयात! सांग ना त्याले."

संघदीपनं कीबोर्ड जवळ ओढला. विचारता येत होतं. थांबवता येत होतं. सोडवता येत होतं.

सांगायची सोयच नव्हती. त्यानं ती ठेवलीच नव्हती. डिस्कला कोण काय सांगणार?

"तो हुकूमच घेते, आई. दुसरं काही त्याच्यापर्यंत जात नाही."

"असं कसं बनवलं रे तू?"

"नवीन टाकतो म्हटलं तं आतूनही लिहा लागते. आतलं दादा लिहे."

खाली हॉर्न वाजला. कुरियरचा भावसिंग. "ओ भाऊ! डब्बा देता का मी इथंच वांगे लावू?"

साहेबांचा फोन वाजायला लागला. आई उठली. "त्याले पाणी देते. तवरक थांब," म्हणाली आणि खाली गेली.

संघदीप थांबला. फोन वाजला, बंद पडला, परत वाजला. हॉर्न वाजला.

त्यानं लिहिलं, हिसकाव.

आणि बटण दाबलं.

ड्रायव्हरला उत्तरं ठरलेलीच देता येतात. 'वापरात आहे', 'थांबलो', 'सुटलो'. इंद्रजितनं एवढीच लिहिली होती.

पडद्यावर उमटलं...

"आलोच."

दिवा विझला. कुरकुर थांबली.

मग जिन्यात पावलं वाजली. घाईची, खाली उतरणारी. अर्ध्या जिन्यापर्यंत आली...

आणि पुढची वाजलीच नाहीत.

"आले का भाऊ?" खालून भावसिंग ओरडला. "आवाज आला, माणूस काहून दिसून नाही राह्यला?"

संघदीप डबा घेऊन उतरला. जिन्यात कुणी नव्हतं. पायथ्याशी आई पाण्याचा गडवा धरून उभी होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या मागं बघत होती.

आता पोळ्या झाल्या की आई अर्धा जिना चढते. तुरीच्या कचऱ्याचं सांगते. उतरून विचारते, "ऐकलं असन का रे?"

संघदीपला माहीत नाही. पावलं थांबली ती पायरी तो ओलांडून जातो. त्या डब्याचं मॉडेल कंपनीनं बंद केलंय, हेही त्याला कळवलंय. तरी त्यानं विनंती पाठवली आहे.

"विषय : नवीन हुकूम समाविष्ट करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर उपकरण वापरात असताना ज्या इसमास उठविण्यात आले, त्यास एका ओळीचा निरोप देण्याची सोय करण्यात यावी. निरोप : आई रडली नव्हती. सदर निरोप संबंधितास मिळाल्याची पोच अर्जदाराच्या आईस तोंडी देण्यात यावी, ही नम्र विनंती."