पाच बंद लखोटे

कपाट उघडं होतं. कुलूप तुटलेलं नव्हतं. आतले पाचही लखोटे गेले होते.

नाशिकच्या त्या वारसा मंडळात प्रत्येक पदाधिकारी आपल्या नात्यागोत्याची माहिती लिहून लखोट्यात बंद करून ठेवायचा. ठेका ठरण्याआधी लखोटे फोडायचे. ठेकेदार ज्याच्या नात्यातला निघेल, त्याने मतदानाला बाहेर बसायचं. आज अकराला जुन्या बारवेच्या दुरुस्तीचा ठेका ठरणार होता.

"बाराच्या आत राजीनामा दे, नाहीतर पोलीस," अध्यक्ष यादवराव बोरस्ते क्लार्क रोहिणीला म्हणाले. "नाती तोंडी विचारून मतदान घेऊ."

झुंबरराव शेवाळे खुर्ची ओढून बसले. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले जुने सभासद.

"किल्ल्या किती, पोरी?"

"दोन. एक माझी, एक अध्यक्षांची."

"माझी देव्हाऱ्यात असते," यादवराव म्हणाले. "आता देवाची झडती घ्या."

झुंबरराव रोहिणीकडे वळले.

"लखोटे कधीचे?"

"गेल्या वर्षीचे. तेव्हा बारवेचं काम निघालं नव्हतं," रोहिणी म्हणाली.

"यादवराव, परवा आपण बारवेच्या कामासाठी ठेकेदार सुयशच्या घरी दिंडोरीला गेलो," झुंबरराव म्हणाले. " तुम्ही पाणीसुद्धा घेतलं नाही."

"उपवास होता."

"येताना मिसळ खाल्लीत. पाव दोनदा मागितलेत."

यादवराव खिडकीबाहेर बघू लागले.

"जुना माणूस एकाच घरचं पाणी टाळतो. लेक दिली त्या घरचं."

"मला मुलगी नाही. सगळ्या नाशकाला माहीत आहे."

"म्हणून मघाशी सुयशच्या घरी फोन लावला. त्याची बायको निकिता बोलली. कन्यादान कुणी केलं, विचारलं. म्हणाली, यादवकाकांनी."

झुंबररावांनी खुर्ची पुढे ओढली.

"गेल्या वर्षी तुम्ही खरं लिहिलंत. मग पुतणीच्या नवऱ्याने याच कामाला अर्ज केला. लखोटा फुटला असता तर बाहेर बसावं लागलं असतं. एकच लखोटा गेला असता तर तुमचं नाव आलं असतं, म्हणून पाचही नेलेत. तुमच्याच किल्लीने."

"तिचा बाप गेला तेव्हा ती चार वर्षांची होती," यादवराव हळू म्हणाले.

"मग तसं सांगून बाहेर बसायचं. त्यात काय कमीपणा?"

"मी आत नसतो, तर काम त्याला मिळालं नसतं."

"नियम त्यासाठीच आहे."

यादवराव उठले. दाराशी थांबले.

"रोहिणी, तुझ्यावर मी..."

"लखोटे कुठे आहेत, साहेब?"

"जाळले."

तिने इतिवृत्ताची वही ओढली आणि तो शब्द लिहून घेतला.