चार शरीरतास

संदेश आला तेव्हा डॉ. हेमांगी शिंत्रे प्रयोगशाळेत एका डुकराशी हुज्जत घालत होती. एक्केचाळीस दिवस मंदनात, शरीर संथ करणाऱ्या पेटीत, काढून ते सकाळीच वर आलं होतं आणि आता वजनकाट्यावर चढायला काही केल्या तयार नव्हतं. एवढ्या दिवसांत त्याचे खूर केसभरही वाढले नव्हते. हेमांगी खुशीत होती. तेवढ्यात तिच्या मनगटपटलावर अक्षरं उमटली : 'विमाधारक धैर्यशील शिंत्रे, वय छत्तीस. महाधमनी चिरली आहे. स्थळ : लिथियम खाण, चिली.'

धैर्यशील तिचा धाकटा भाऊ. 'स्वगृह' कंपनीचा हा विमा त्याला तिनंच घ्यायला लावला होता. परदेशात राहणारा माणूस अचानक अंथरुणाला खिळला, तर त्याला जिवंत मायदेशी आणून योग्य रुग्णालयाच्या स्वाधीन करायचं, एवढंच त्या विम्याचं काम. "मला काय धाड भरलीय, ताई?" असं म्हणत धैर्यशीलनं सही केली होती. हेमांगी कंपनीची मुख्य शास्त्रज्ञ असल्यामुळे त्याला नाही म्हणायची सोयच नव्हती.

हेमांगीनं डुक्कर सोडलं आणि धावत नियंत्रणकक्ष गाठला. खाणीवरच्या परिचारिकेनं धैर्यशीलला मंदनपेटीत ठेवलंही होतं. विमान निघालं होतं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून ती तिथल्या खुर्चीत बसून रडली.

दोन दिवसांनी पेटी पुण्यात कंपनीच्या रुग्णालयाच्या तळघरात, शीतकोठीत, पोचली. हृदयशल्यविशारद डॉ. इनामदार तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा घालून थांबले. ते नुकतेच रुजू झाले होते आणि मंदित माणूस पहिल्यांदाच पाहत होते.

"अशा अवस्थेत माणूस चार तास काढतो. हा दोन दिवस प्रवास करून आलाय. मला नीट समजावून सांगा."

"चार तासच, पण शरीराचे," हेमांगी म्हणाली. "आत गेल्यावर शरीराचं सगळं कामकाज मंदावतं. ठोके, श्वास, पेशींची झीज, आजारसुद्धा. याचा मंदनांक चोवीस आहे. बाहेर एक दिवस जातो तेव्हा आत एक तास जातो. त्याला आम्ही शरीरतास म्हणतो. दोन दिवस प्रवास झाला, म्हणजे दोन शरीरतास खर्ची पडले."

"म्हणजे दोन उरले."

"दीड. मंदनात उतरायला अर्धा तास लागतो आणि वर चढायलाही अर्धा. त्या वेळात शरीर जवळजवळ नेहमीच्या वेगानं चालतं, त्यावर आमच्याकडे उपाय नाही. उतरण्याचा अर्धा तास खाणीवरच गेला. आता वर आणला की तुमच्या हातात एक तास."

"पुरे आहे," इनामदार म्हणाले. "आजच घेऊ."

विम्याच्या करारातही तास शरीराचेच होते : 'विमाधारकाला चार शरीरतासांच्या आत रुग्णालयाच्या स्वाधीन केले जाईल.' हे कलम हेमांगीनं भांडून घातलं होतं. पूर्वी कंपन्या फोन आल्यापासूनचे तास मोजत, आणि वेळेत आणलं म्हणून प्रेतं उतरवून मोकळ्या होत. रोग्याचं घड्याळ त्याच्या अंगात असतं, तेच मोजा, असा तिचा हट्ट होता. तिला त्या कलमाचा फार अभिमान होता.

थोड्याच वेळात कागलहून आई येऊन पोचली. तिला दोघंही आक्का म्हणत. काचेतून लेकाला पाहिल्यावर तिनं आधी पदर डोळ्याला लावला, मग बोटांवर दिवस मोजले.

"हेमे, आज नको. पितरपाठ चाललाय."

"आक्का, त्याच्या छातीत धमनी फाटलीय!"

"फाटली तर फाटली, पर तूच म्हणालीस न्हवं, आत वेळ जात न्हाई म्हणून? तुझा बाप पितरपाठातच टेबलावर गेला आणि तसाच आला. नऊ दिवस ऱ्हायलेत. नऊ दिवस धर की गं त्याला."

पितृपंधरवड्यात काही करू नये, हा आईचा नेम ऐकून हेमांगीला राग आला, हसूही आलं. पण ती कागलचीच मुलगी होती. बापाचं प्रेत टेबलावरून आणलेलं तिनंही पाहिलं होतं. शिवाय मनात एक विचार वळवळत होता, आणि तो निव्वळ आईसाठी नव्हता. त्या हट्टी डुकराचा मंदनांक चोवीस हजार होता. एका शरीरतासाला हजार दिवस. नऊ दिवसांत आतलं अर्धं मिनिटच जाईल. धोका जवळपास नाही आणि आक्काचंही मन राहील. माणसावर हा मंदनांक अजून कुणी वापरला नव्हता, एवढीच अडचण होती.

तिनं अर्ज भरला. 'नातेवाइकांच्या विनंतीवरून मुक्काम वाढवण्यात येत आहे.' कंपनीच्या इतिहासातला असा पहिलाच अर्ज. परिचालनप्रमुख मकरंद बापट यांनी तो दोनदा वाचला.

"तुम्ही सख्ख्या भावावर वापरताय, म्हणजे सुरक्षितच असणार," ते म्हणाले.

"सुरक्षित आहे," हेमांगी म्हणाली. आणि ते खरंच होतं.

नऊ दिवसांनी घटस्थापनेला टेबल मोकळं नव्हतं. मुंबईच्या रस्त्यावरचा अपघात आला होता. दुसऱ्या दिवशी एका बाळंतिणीचं हृदय. हेमांगीला वाईट वाटलं नाही. ती माणसं थांबू शकत नव्हती, धैर्यशील थांबू शकत होता. दिवाळीपर्यंत कंपनीनं सगळ्याच पेट्यांचा मंदनांक चोवीस हजार केला. मग विमानांची घाई उरली नाही, पेट्या बोटीनं यायला लागल्या. बोटीचा एक महिना म्हणजे आतली दोन मिनिटं. करार कुठेच मोडत नव्हता. शीतकोठीत बारा पेट्या होत्या, त्यांच्या तीनशे झाल्या. कुणाचे नातेवाईक चातुर्मास संपू द्या म्हणत, कुणाचे मुलीचं लग्न उरकू द्या म्हणत. बापट प्रत्येकाला हेमांगीच्या अर्जाची नक्कल देत.

हिवाळ्यात रांगेचा नियम ठरवायला समिती बसली.

"दोन माणसं, टेबल एक. आधी कोण?" बापटांनी विचारलं.

"ज्याला थांबता येत नाही तो," इनामदार म्हणाले.

"म्हणजे उपलब्ध वेळ मोजायचा," हेमांगी म्हणाली. "नुसता उरलेला नाही. मंदन देऊन किती मिळू शकतो, तोही धरायचा. ज्याचा उपलब्ध वेळ कमी, तो आधी."

कुणाला त्यात खोट दिसली नाही. आजही दिसत नाही. त्या दिवशी घरी जाताना मात्र हेमांगीला त्या नियमाचा अर्थ उमगला. ज्याच्याकडे विमा आणि पेटी आहे, त्याचा उपलब्ध वेळ वर्षांत मोजायचा. ज्याच्याकडे नाही, त्याचा मिनिटांत. आणि मिनिटंवाला माणूस शहरात रोज कुणी ना कुणी असतोच. धैर्यशील रांगेत मागे नव्हता, रांगेच्या बाहेर होता. दुसरीकडे न्यावं तर चढवण्याची यंत्रणा देशात दुसऱ्या कुठल्याच रुग्णालयात नव्हती.

आक्काला ती दर आठवड्याला फोनवर सांगायची, "होईल गं, नंबर लागेल." आक्कानं काही विचारणं सोडलं होतं. लेक उठेपर्यंत एकदाच जेवायचं, असं तिनं अंबाबाईला बोलून ठेवलं होतं. तिला मधुमेह होता. हेमांगीनं रागावून पाहिलं, हातापाया पडून पाहिलं, पण आक्का बधली नाही. "तो काय जेवतोय का आत?" एवढंच म्हणायची.

वर्ष फिरलं. नवरात्र आलं, आणि हेमांगीच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. खंडेनवमी! त्या दिवशी शस्त्रक्रियागृहात चाकू-कात्र्या हळदीकुंकू लावून पाटावर मांडतात. ठरलेली एकही शस्त्रक्रिया त्या दिवशी होत नाही, अर्धे लोक गावी जातात. टेबल रिकामं असतं. रिकाम्या टेबलाला रांग नसते.

ती इनामदारांकडे गेली.

"पूजा साडेनऊला उरकते," ते म्हणाले. "माझा एक चमू थांबवतो. दुसरा नसेल, हे लक्षात ठेवा."

"एक पुरे."

त्या दिवशी दहाला तिनं स्वतः चढ सुरू केला. वर्षभरात बावीस शरीरमिनिटं गेली होती, चढ वजा जाता हातात अडतीस उरणार होती. कमीच, पण इनामदारांचा हात जलद होता. साडेदहाला धैर्यशीलनं डोळे उघडले. ओठ पांढरे पडलेले. त्याच्या लेखी खाणीवर आडवं होऊन जेमतेम सव्वातीन तास झाले होते.

"ताई, पोचलो का गं?"

"पोचलास," हेमांगी म्हणाली आणि त्याचा हात गच्च धरला. वर्षभरानंतर तिला पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला.

त्याच वेळी वरच्या मजल्यावर, प्रतीक्षाकक्षात, आक्का बाकावरून खाली कोसळली. नवरात्र म्हणून तिनं ते एकवेळचं जेवणही सोडलं होतं, आणि पहाटे कागलहून पाण्याच्या घोटावर निघाली होती.

इनामदार स्वतः धावत खाली आले. "हृदयाची भिंत फाटलीय. पंधरा मिनिटांत टेबलावर घेतलं तर वाचतील. तीन तासांचं काम आहे." ते थांबले. "चमू एकच आहे, हेमांगी."

भिंतीवरच्या पटलानं तोवर निकाल दिलाही होता. आक्काच्या नावापुढे होतं : उपलब्ध वेळ, पंधरा मिनिटं. ती जन्मभर कागलला राहिलेली बाई. परदेशी राहणाऱ्यांचा विमा तिला मिळतच नव्हता, आणि विम्याशिवाय पेटी नव्हती. धैर्यशीलच्या नावापुढे होतं : मंदन उपलब्ध, प्रतीक्षा करावी.

हेमांगीला हिशेब मांडायला कागद लागला नाही. अडतीसातून पुन्हा उतरायला तीस गेली की उरतील आठ. वर चढायला तीस लागतात. आठ मिनिटांचा माणूस पेटीत जिवंत राहतो, पण त्याला वर आणायचा रस्ता नाही. तिनं पटलाकडे बोट दाखवलं नाही, नियमावर ढकललं नाही. आईला मरू द्यायला तिच्याच्यानं झालं नाही, एवढंच.

"आक्काला घ्या," ती म्हणाली. "याला मी उतरवते."

"पोचलो ना?" धैर्यशीलनं पुन्हा विचारलं. तिनं मान हलवली आणि पेटीची झडप ओढली.

तिसऱ्या दिवशी आक्का शुद्धीवर येऊन नीट बोलायला लागली. हेमांगीनं ठरवलं होतं की काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. पण आक्का तिच्या तोंडाकडे बघत राहिली आणि तिला सगळं सांगावं लागलं.

आक्कानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मला का काढलंस?"

"तुझी वेळ संपत होती, आक्का."

"संपू द्यायची. माझं काय ऱ्हायलं होतं?"

हेमांगी उशाशी बसून आईच्या हातावरची सुईची पट्टी उगाच सारखी करत राहिली. दुपारी बापट आले. वाईट माणूस नव्हता तो. आक्काची चौकशी केली, मोसंबी ठेवली आणि मग संकोचून एक कागद काढला. कंपनीनं चोवीस लाख मंदनांकाला मान्यता दिली होती. पण त्यासाठी आईची सही लागत होती.

"चोवीस हजारावर ही आठ मिनिटं एकशे तेहतीस दिवस पुरतील," बापट म्हणाले. "नव्या मंदनांकावर छत्तीस वर्षं. तोवर चढ जलद करण्याचा शोध लागू शकतो. मी हे सगळ्यांना सांगतो."

"सगळ्यांना म्हंजे? असं लई जणांचं हाय का?" आक्कानं विचारलं.

"चारशे सहा पेट्या आहेत, आजी. बहुतेकांच्या घरच्यांनी सही केलीय."

"हेमे, तू सांग. लागंल का शोध?"

हेमांगीनं खरं सांगितलं. चढाचा अर्धा तास कमी करायचा म्हणजे गोठत आलेलं रक्त एका झटक्यात धावायला लावायचं. पंधरा वर्षं ती त्याच्यावर डोकं आपटत होती. एक मिनिटही कमी झालं नव्हतं.

"म्हंजे सही न्हाई केली तर?"

"माघ संपायच्या सुमाराला तो जाईल."

"आणि केली तर छत्तीस वर्षांनी जाईल."

"हो."

आक्कानं मनात वर्षं मोजली. ती अडुसष्ट वर्षांची होती. हेमांगी एक्केचाळीसची. आक्कानं कागदाकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते हेमांगीनं त्या चारशे सहा घरांतल्या कितीतरी आयांच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. आजवर तिला वाटायचं की ही माणसं आशेपायी सही करतात.

"माझ्या देखत नको जाऊ दे," आक्का म्हणाली. "पेन दे."

हेमांगीनं पेन उघडून तिच्या बोटांत दिलं. खालून कागद धरला, आणि आक्कानं सावकाश, एकेक अक्षर काढत, सही केली.